कशाऐवजी?

२०२३च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेला पर्याय म्हणून मिळणारे स्वीटनर वापरू नका. दोनच महिन्यांनी, जुलैत, तिच्याच छत्राखालच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम हा त्यातलाच एक स्वीटनर ‘कदाचित कर्करोगकारक’ असल्याचे जाहीर केले. दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन वेगळी उत्तरे होती. पण ती एकाच पातेल्यात ढवळली गेली आणि त्यातून जे काही शिजले ते अजून रटरटते आहे. एक गट म्हणतो, हे विष आहे आणि वर वजनही वाढवते. दुसरा म्हणतो, शून्य कॅलरी म्हणजे शून्य, चौथीतल्या पोराला कळेल असे गणित आहे, यात वाद कसला? जेवणाच्या टेबलावर, ऑफिसातल्या कॉफीच्या यंत्रापाशी, दवाखान्यातल्या बाकावर हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की पुढचे वाक्य कोणते येणार हे मला आधीच कळते. जो प्रश्न कोणीच विचारत नाही तो एका शब्दाचा आहे: कशाऐवजी?

माझे म्हणणे आधीच मांडून टाकतो. स्वीटनरने वजन कमी होते का, हा प्रश्न अर्धवट आहे आणि अर्धवट प्रश्नावर माणसे पूर्ण ताकदीने भांडत आहेत. रोज साखरेचे पेय पिणाऱ्याने त्याऐवजी स्वीटनरचे पेय घेतले तर वजनाच्या बाबतीत थोडा, पण खरा फायदा होतो. पाणी पिणाऱ्याने पाणी सोडून ते घेतले तर हाती फारसे काही लागत नाही. आणि कशाच्याही ऐवजी न घेता, आहे त्या खाण्यात भर म्हणून ते घेणाऱ्याला त्यातून काही मिळावे, ही अपेक्षाच कुठून आली? पदार्थ तोच, उत्तरे तीन. ही तीन उत्तरे वेगळी ठेवली तर एकमेकांविरुद्ध उभे असलेले बरेचसे अभ्यास आपोआप शेजारी शेजारी बसतात.

कर्करोगाचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण तो वजनाच्या चर्चेत नुसता पायात पायात येतो. कर्करोग संशोधन संस्था जे गट पाडते ते पुरावा किती भक्कम आहे यावर. धोका किती मोठा आहे हे त्या गटांवरून कळत नाही. ॲस्पार्टेम ज्या ‘२ब’ गटात गेले त्यात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. त्याच दिवशी अन्नातल्या मिश्रणद्रव्यांचा विचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने ॲस्पार्टेमची जुनी मर्यादा, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम, तशीच कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाने दुसरीकडून ॲस्पार्टेम घेतले नाही असे धरले, तर ती ओलांडायला त्याला दिवसाला डाएट पेयाचे ९ ते १४ कॅन रिचवावे लागतील. इतके पिणाऱ्याची काळजी वाटलीच, तर ती ॲस्पार्टेमपुरती थांबणार नाही. सॅकरिन या जुन्या स्वीटनरचे प्रकरण तर झाले गेले आहे: १९७७ साली उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेत बंदी यायची वेळ आली, ती लोकांच्या ओरड्यामुळे टळली, पाकिटांवर इशारा छापला गेला आणि उंदरांत घडते ते त्यांच्या मूत्राच्या विशिष्ट रसायनामुळे, माणसात तसे होत नाही, हे कळल्यावर २०००मध्ये तो इशारा निघाला. शंका घ्यायलाच नको असे मी म्हणत नाही. वजनाच्या प्रश्नाचे उत्तर या शंकेतून मिळत नाही, एवढेच.

या पदार्थांचा जन्म पाहिला की एक गंमत लक्षात येते. यातला एकही वजन कमी करायला शोधलेला नाही. १८७९ साली कॉन्स्टन्टिन फालबर्ग प्रयोगशाळेतून नीट हात न धुता जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला, ते सॅकरिन. १९३७ साली एका विद्यार्थ्याने प्रयोगाच्या टेबलावर टेकवलेली सिगारेट पुन्हा ओठांना लावली, ते सायक्लामेट. १९६५ साली अल्सरच्या औषधावर काम करणाऱ्या जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटले, ते ॲस्पार्टेम. आणि १९७६ साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस नावाच्या तरुण संशोधकाला क्लोरीन जोडलेल्या साखरेची ‘टेस्ट’ करायला सांगितले, त्याने ते ‘टेस्ट’ म्हणजे चव बघ असे ऐकले आणि खरेच जिभेवर ठेवले, ते सुक्रलोज. इंग्रजीतल्या दोन शब्दांचा मराठीत एकच उच्चार होतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला जरा जास्तच आवडायला हरकत नाही. (प्रयोगशाळेतल्या शिस्तीबद्दल मात्र या चारही कथा मुलांना सांगण्याजोग्या नाहीत.)

पण त्याहून बोलका प्रसंग १९०८चा. अमेरिकेत शुद्ध अन्नासाठी झगडणारा हार्वी वायली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर सॅकरिनविरुद्ध बोलत होता. त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे त्याची तक्रार अशी होती की, डबाबंद मक्यात सॅकरिन घातले की खाणाऱ्याला वाटते आपण साखर खातोय, प्रत्यक्षात तो डांबरापासून केलेला, पोषणमूल्य अजिबात नसलेला अपायकारक पदार्थ खात असतो. रूझवेल्ट भडकले. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत होते. सॅकरिनला अपायकारक म्हणणारा माणूस मूर्ख आहे, असे ते म्हणाले. हा प्रसंग बहुतेक जण रूझवेल्टच्या तडकफडक उत्तरासाठी सांगतात. मला वायलीचे वाक्य जास्त महत्त्वाचे वाटते. ‘यात पोषण शून्य आहे’ हा तेव्हा आरोप होता, कारण साखर म्हणजे अन्न होते, ताकद होती, आणि तिच्या जागी काहीच नसलेले काहीतरी विकणे ही फसवणूक होती. शंभर वर्षांत तोच आरोप डब्याच्या दर्शनी बाजूवर जाहिरात म्हणून छापला जाऊ लागला. पदार्थात काही बदलले नाही. ज्याच्याऐवजी तो वापरायचा त्या साखरेची पत बदलली.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने ही सूचना हवेतून काढलेली नाही. तिच्यामागे २८३ अभ्यासांचा आढावा होता. त्यातल्या, माणसांच्या खाण्यापिण्याच्या सवयी वर्षानुवर्षे नोंदवत जाणाऱ्या अभ्यासांत असे दिसले की स्वीटनर जास्त घेणाऱ्यांत पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी जास्त होती. हा आकडा कोणालाही दचकवेल. शिवाय हे अभ्यास मोठे आहेत आणि लांब पल्ल्याचे आहेत. वजन ही लांब पल्ल्याचीच गोष्ट आहे. तीन महिन्यांत कोणीही बारीक होऊ शकतो, तिसऱ्या वर्षी काय होते ते खरे. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही आणि जे झटकतात त्यांनी तो वाचलेला नसतो.

तरीही त्यात एक मोठी फट आहे. काठी घेऊन चालणाऱ्या शंभर माणसांचे गुडघे तपासा आणि काठीशिवाय चालणाऱ्या शंभरांचे तपासा. पहिल्या गटाचे गुडघे वाईटच निघतील. काठीने गुडघे बिघडतात असा निष्कर्ष काढाल का? स्वीटनर कोण घेतो? ज्याला पँट घट्ट होऊ लागली आहे तो, ज्याच्या घरात सगळेच अंगाने भरलेले आहेत तो, ज्याला डॉक्टरने वजनावरून दोन शब्द सुनावले आहेत तो. वजन वाढण्याची वाट आधीच पकडलेली माणसे या गटात गोळा होतात. अभ्यासक वय, व्यायाम, आधीचे वजन यांचा हिशेब धरून हा दोष कमी करायचा प्रयत्न करतात, पण ‘मी आता जाड होत चाललोय’ ही मनातली कुणकुण प्रश्नावलीत कुठल्या रकान्यात भरणार? संघटनेलाही हे ठाऊक होते. म्हणूनच तिने आपली शिफारस ‘सशर्त’ ठेवली, म्हणजे पुरावा नि:संदिग्ध नाही हे स्वतःच कबूल केले, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तिच्यातून वगळले. बातम्यांमध्ये ‘सशर्त’ हा शब्द टिकला नाही. असे शब्द टिकत नाहीतच.

त्याच आढाव्यात दुसऱ्या प्रकारचे अभ्यासही होते, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या. तिथे कोण स्वीटनर घेणार हे माणूस ठरवत नाही, नशीब ठरवते, त्यामुळे काठीचा घोळ होत नाही. या चाचण्यांत स्वीटनर घेणाऱ्यांचे वजन सरासरी ०.७१ किलोने कमी भरले. पाऊण किलोसुद्धा नाही! एकाच अहवालात एक हात वर दाखवतो, दुसरा खाली, आणि ज्याला जो हात सोयीचा तो तेवढाच धरतो. मला विचाराल तर कारण काय नि परिणाम काय या प्रश्नावर चाचण्यांचा शब्द जास्त वजनदार आहे, पण त्यांचा पल्ला आखूड आहे, हे मान्य करूनच. आणि सवयी नोंदवणाऱ्या अभ्यासांतही जेव्हा प्रश्न बदलला, म्हणजे ‘किती घेता’ याऐवजी ‘साखरेच्या पेयाच्या जागी घेऊ लागलात का’ असे गणित मांडले, तेव्हा काट्याची दिशा फिरली आणि तो वजन कमी होण्याकडे झुकला. ऐवजी हा शब्द आत आला आणि तेच निरीक्षण वेगळे बोलू लागले.

या सगळ्यात मला सर्वांत पटलेली चाचणी नेदरलँड्समधली आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेली. साधारण पाच ते बारा वर्षांची ६४१ मुले. रोज शाळेत एक २५० मिलिलिटरचा डबा. अर्ध्या मुलांच्या डब्यात २६ ग्रॅम साखर, म्हणजे १०४ कॅलरी. उरलेल्यांच्या डब्यात ३४ मिलिग्रॅम सुक्रलोज आणि १२ मिलिग्रॅम ॲसेसल्फेम, हाही एक स्वीटनरच. चव जुळवून घेतलेली, डबे सारखे, कोणाच्या हातात काय आहे हे मुलांना माहीत नाही आणि शिक्षकांनाही नाही. ही सगळी मुले आधीपासूनच असली गोड पेये पिणारी होती, हे महत्त्वाचे. दीड वर्षाने साखरवाल्या मुलांचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले होते, बिनसाखरवाल्यांचे ६.३५ किलोने. वाढत्या वयातली मुले, वजन दोघांचेही वाढणारच. पण त्यांच्यात एक किलोचा फरक पडला होता, आणि पेयातल्या साखरेखेरीज दुसरे काहीही बदललेले नव्हते. सव्वीस टक्के मुलांनी चाचणी मध्येच सोडली, हा तिचा कमकुवत दुवा आहे आणि संशोधकांनी तो लपवलेला नाही.

या एका किलोशी जरा थांबूया, कारण दोन्ही गट त्यावर घसरतात. दीड वर्षाच्या साधारण ५४७ दिवसांत रोज १०४ कॅलरी म्हणजे जवळपास ५७ हजार कॅलरी. एक किलो चरबीमागे ७,७०० कॅलरी या पाठ्यपुस्तकी हिशेबाने सात किलोंहून जास्त फरक पडायला हवा होता. पडला एक. म्हणजे ‘शून्य कॅलरी, साधे गणित’ म्हणणाऱ्याचे गणित कच्चे ठरले: शरीर वही घेऊन बसलेले असते, कमी मिळाले तर थोडे दुसरीकडून मागते, आणि हलके शरीर जगायला कमी खर्चही करते. पण ‘शरीर सगळेच भरून काढते, उलट जास्त मागते’ म्हणणाराही तोंडावर पडला, कारण सगळे भरून निघाले असते तर फरक शून्य असता. पुढे याच आकड्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. सडपातळ मुलांच्या शरीराने ही गायब झालेली साखर बऱ्याच प्रमाणात ओळखली आणि भरून काढली. जास्त वजनाच्या मुलांच्या शरीराला ती गेल्याचे फारसे कळलेच नाही, म्हणून त्यांना फायदा जास्त झाला. ज्यांना गरज होती त्यांनाच तो जास्त मिळावा, असे पोषणशास्त्रात फार क्वचित घडते.

मग पाण्याशी तुलना केली तर? इथे चित्र धूसर होते, आणि पैशाचा वास येऊ लागतो. अमेरिकेतल्या ३०३ जणांच्या एका चाचणीत वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात डाएट पेये घेणाऱ्यांचे वर्षभराने ६.२१ किलो कमी झाले, पाणी पिणाऱ्यांचे २.४५. पैसा दिला होता शीतपेय कंपन्यांच्या संघटनेने. इराणमधल्या ६२ स्त्रियांच्या चाचणीत नेमके उलटे झाले: जेवणानंतर पाणी पिणाऱ्यांचे २४ आठवड्यांत ८.८ किलो उतरले, डाएट पेय घेणाऱ्यांचे ७.६. मी कंपनीच्या पैशावर झालेला अभ्यास सरसकट खोटा मानत नाही, पण त्याच्याकडे दोनदा पाहतो. फक्त मग तोच नियम दुसऱ्या बाजूलाही लावायला हवा. १९६७ साली साखर उद्योगाने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकाराचा दोष साखरेवरून चरबीवर ढकलणारा लेख लिहून घेतला होता, हे त्यांच्याच जुन्या कागदपत्रांतून २०१६ साली उघड झाले. स्वीटनरची बदनामी होण्यात कोणाचे हित आहे, हा प्रश्न स्वीटनरची भलामण करण्यात कोणाचे हित आहे याइतकाच रास्त आहे. हे सारे वजा जाता उरते ते एवढे: पाणी आणि डाएट पेय यांच्यात वजनाच्या दृष्टीने फार मोठे अंतर नाही, आणि जे आहे ते कधी इकडे कधी तिकडे. पाणी पिणाऱ्याने डाएट पेयाकडे वळावे असे त्यात काहीच नाही.

आता माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारा भाग. नेदरलँड्सच्या त्या मुलांना आपण काय पितोय ते माहीत नव्हते. आपल्याला माहीत असते. आणि माहीत असले की माणूस स्वतःशी सौदा करतो: पेय डाएट घेतले ना, मग बटाट्याच्या चिप्सचे पाकीट मोठे चालेल. हे नवे नाही. ‘लाइट’ सिगारेटी आल्या तेव्हा ओढणारे नकळत खोल झुरके घेऊ लागले, फिल्टरवरची हवेची बारीक भोके बोटांनी झाकली जाऊ लागली, आणि यंत्रावर कमी भरलेले डांबर फुप्फुसात मात्र पूर्वीइतकेच जाऊ लागले. २०१०पासून अमेरिकेत तो शब्द पाकिटावर छापायलाच बंदी आली. १९९०च्या दशकात ‘फॅट फ्री’ बिस्किटांचा असाच पूर आला, चरबी काढली आणि साखर कोंबली, आणि लोकांनी एकाऐवजी चार खाल्ली. स्वीटनरच्या बाबतीत हा धोका पेयांपेक्षा घन पदार्थांत जास्त आहे. पेयात साखर हीच सगळी कॅलरी असते. ती काढली की खरेच काही उरत नाही. केकमध्ये, बिस्किटात, चॉकलेटमध्ये साखर हे निम्मे बांधकाम असते. ती आकार देते, ओलावा धरते, रंग आणते. ती काढली की पोकळी भरायला मैदा, स्टार्च, चरबी, कसले कसले तंतू घालावे लागतात. वर ‘शुगर फ्री’ लिहिलेले असते, ते खरेही असते, आणि कॅलरी जवळजवळ होत्या तिथेच असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ३५ ग्रॅम साखर मोजली, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या कोल्याच्या कॅनमध्ये साधारण असते तेवढी. चहाच्या चमच्याने जवळपास नऊ चमचे. काचेच्या ग्लासात तळापासून दोन बोटे थर चढला. तितकाच गोडवा द्यायला ॲस्पार्टेम लागते सुमारे १७५ मिलिग्रॅम. ते मोजायला माझा काटा चालेना. त्याने शून्यच दाखवले असते. मग स्वीटनरची पुडी फोडल्यावर जी चिमूटभर पांढरी भुकटी कपात पडते ती कसली? पुडी उलटून बघा. पहिले नाव बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असते, म्हणजे साखरेचीच भावंडे. खऱ्या स्वीटनरचे कण इतके थोडे असतात की बोटांना पकडता यावेत म्हणून त्यांना सोबत द्यावी लागते. एका पुडीत तीन-चार कॅलरी असतात, आणि अमेरिकेत पाचच्या आत असले की शून्य लिहायची मुभा आहे. एका कपाला त्याने काही बिघडत नाही. दहा कपांना तीस-चाळीस कॅलरी होतात. शून्य या शब्दावर फार विसंबू नये, इतकेच त्यातून कळते.

राहिला गोडाच्या चटकेचा आणि आतड्यांतल्या जिवाणूंचा मुद्दा. हाच भाग मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो. २००८ साली सॅकरिन घातलेले दही खाणारे उंदीर साखरेचे दही खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले, तेव्हा एक सुंदर कल्पना मांडली गेली: जिभेला गोड कळते, पोटात काही येत नाही, आणि शरीराचा गोडावरचा विश्वास उडतो. २०२२ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी, एरवी स्वीटनर न घेणाऱ्या १२० माणसांचे गट पाडले आणि त्यातल्या चार गटांना दोन आठवडे एकेक वेगळा स्वीटनर दिला. सॅकरिन आणि सुक्रलोज घेणाऱ्यांच्या रक्तातल्या साखरेचा प्रतिसाद बिघडला, जिवाणूंची घडण बदलली, आणि हे माणसागणिक वेगळे होते. हा अभ्यास मी गंभीरपणे घेतो. त्याने वजन वाढते असे सिद्ध होत नाही, पण ‘हे शरीरातून नुसते येते नि जाते’ हे वाक्य आता कोणी छातीठोकपणे म्हणू नये. गोडाच्या चटकेबद्दल मात्र मला पूर्वी वाटत होती तेवढी खात्री उरलेली नाही. नेदरलँड्समध्येच १८० जणांना सहा महिने कमी, मध्यम किंवा जास्त गोड आहार दिला, आणि सहा महिन्यांनी कोणाचीही गोडाची आवड वाढली नाही की घटली नाही. कमी गोड खाल्ले की जीभ सुधारते हे आपण इतक्या वर्षांपासून एकमेकांना सांगत आलो आहोत की ते तपासावे असे फार कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

आणि ‘स्वीटनर’ हा एकच शब्द वापरून आपण वेगवेगळ्या प्राण्यांना एका दावणीला बांधतो, हीसुद्धा या वादातली एक खोट आहे. ॲस्पार्टेम आतड्यात फुटून त्याची अमिनो आम्ले आणि थोडे मिथेनॉल होते. त्यातले फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल ज्यांच्या शरीराला हाताळता येत नाही, त्या फेनिलकेटोन्यूरिया हा जन्मजात दोष असलेल्यांनी त्यामुळेच ते टाळायचे असते. सुक्रलोज बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडते. सॅकरिन रक्तात जाते आणि लघवीवाटे निघते. १५४ जाड माणसांना बारा आठवडे रोज साखर किंवा चारपैकी एक स्वीटनर देणाऱ्या २०१९च्या चाचणीत साखरवाल्यांचे वजन वाढले, सॅकरिनवाल्यांचेही वाढले, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या अर्काने फारसा फरक पडला नाही, सुक्रलोजने किंचित घटले. ही एकच चाचणी आहे, तिच्यावर इमला बांधू नये. पण पुढच्या वेळी कोणी ‘स्वीटनर वाईट’ किंवा ‘स्वीटनर चांगला’ म्हणाला तर ‘कोणता’ एवढे विचारायला ती पुरेशी आहे.

सरकारांनी काय करावे? ब्रिटनने २०१८च्या एप्रिलपासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या पेयांवर कर लावला, ८पासून पुढे त्याहून जास्त. कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा साखर काढणे पसंत केले आणि तिच्या जागी पुष्कळ ठिकाणी स्वीटनर आले. यावर टीका झाली की गोडवा तर तिथेच राहिला. राहिला, खरे आहे. पण पेयांतून साखर किती गेली हेही मोजा. आता काही जण म्हणतात दोन्हींना एकाच मापाने मोजा, सारखाच कर, सारखाच इशारा. मला ही चूक वाटते. दोन्ही सारखेच वाईट ठरवल्यावर स्वीटनर सोडणारा माणूस पाण्याकडे जाईल असे आपण कोणत्या भरवशावर धरतो? ‘डाएट’ या शब्दाला आरोग्याचा मुलामा चढवू देऊ नये, लहान मुलांच्या पेयांतला गोडवाच मुळात कमी करावा, इथपर्यंत मी सोबत आहे. त्यापुढे नाही.

पाण्याकडे जाईल यावर माझा विश्वास का नाही, ते एका मित्रामुळे. हा रोज दोन कॅन कोला पिणारा. त्याने एका वर्षी ते सोडून डाएटचे दोन कॅन सुरू केले. बाकी खाणे तेच, व्यायाम नाही. वर्षभरात चारेक किलो उतरले. मग मे महिन्यातली ती बातमी आली, जुलैतली त्यामागोमाग, आणि याने घाबरून डाएट पेय बंद केले. त्याऐवजी सफरचंदाचा रस सुरू केला, ‘नैसर्गिक’ म्हणून, दिवसाला दोन मोठे ग्लास. सफरचंदाच्या रसात साखर जवळपास कोल्याइतकीच असते, हे मी त्याला सांगेपर्यंत उतरलेले किलो परत आले होते. त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. बातमीने त्याला काय सोडायचे ते सांगितले होते, त्या जागी काय ठेवायचे ते सांगितले नव्हते.

सध्या तो जेवताना एक डाएट कॅन घेतो, एरवी पाणी. परवा आम्ही दुकानात होतो. त्याने शुगर फ्री केकचे खोके उचलून मला विचारले, हे चालेल का? मी काही न बोलता साध्या केकचे खोके त्याच्या दुसऱ्या हातात दिले. त्याने दोन्ही उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून मागचे आकडे वाचले, एकदा डावीकडचे, एकदा उजवीकडचे. शंभर ग्रॅममागे फरक तीसेक कॅलरींचा होता. शुगर फ्रीचे खोके त्याने जागेवर ठेवले आणि साधे टोपलीत टाकले. म्हणाला, “मग खराच खातो. अर्धा तू घे.”